निम्मा सिनेमा अंधाराचा

रिळांच्या जमान्यात अडीच तासांचा पिक्चर पाहून बाहेर पडलेल्या माणसाने त्यातला साधारण सव्वा तास मिट्ट काळ्या पडद्याकडे बघत काढलेला असे. तिकिटाचे पूर्ण पैसे देऊन निम्मा वेळ अंधार बघायचा आणि वर "काय फोटोग्राफी होती!" असं म्हणायचं! यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. ही फसवणूक डोळ्याच्या आणि मेंदूच्या संगनमताने होत होती आणि ती नीट पार पडावी म्हणून एक अख्खी इमारत बांधावी लागत होती. त्या इमारतीला आपण थिएटर म्हणतो.

अशा काही इमारती बघायला चेन्नईला, म्हणजे जुन्या मद्रासला जाऊ. शहराच्या दक्षिणेला अड्यार नदी ओलांडली की अड्यार लागतं. आज ते शहराच्या पोटात आहे, पण शंभर वर्षांपूर्वी ते मद्रासच्या वेशीबाहेरचं होतं. नदीचं मुख, ताडामाडाची बनं, १८८२ पासून तिथे असलेलं थिऑसॉफिकल सोसायटीचं मुख्यालय आणि त्याच्या आवारातला अवाढव्य वटवृक्ष. शहरात जायचं तर एल्फिन्स्टन पुलावरून. आता ते काम १९७३चा तिरु. वि. क. पूल करतो. स्वातंत्र्यानंतर इथे गांधीनगर वसलं, मग कस्तुरबानगर, इंदिरानगर, बेझंटनगर. १९५९ साली शेजारी आयआयटी आली. माणसं राहायला आली की त्यांच्या मागोमाग डॉक्टर येतो, इडली-डोशाचं हॉटेल येतं आणि थिएटर येतं. अड्यारहून तिरुवान्मियूरकडे जाणारा लॅटिस ब्रिज रोड, म्हणजे सगळ्यांचा एल. बी. रोड, हा त्या भागाचा सिनेमाचा रस्ता झाला. इरॉस, गणपतीराम, जयंती आणि पुढे तिरुवान्मियूरचं त्यागराज. एका उपनगराला पुरून उरतील एवढी थिएटरं.

या थिएटरांची गोष्ट सहसा तिथे लागलेल्या पिक्चरांच्या यादीने सांगतात. मला ती प्रोजेक्शनच्या खोलीतून सांगावीशी वाटते. कारण थिएटरात जे जे विचित्र दिसतं, म्हणजे मागच्या भिंतीतल्या त्या चिमुकल्या खिडक्या, सुरुवातीला झळकणारं सेन्सॉरचं सर्टिफिकेट, अगदी मध्यंतरसुद्धा, त्याचा उगम थोडाफार तरी त्या खोलीतल्या फिल्मच्या पट्टीपाशी जातो.

पट्टी पस्तीस मिलिमीटर रुंद. एका फुटात सोळा चौकटी. सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. अडीच तासांचा पिक्चर म्हणजे साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरच्या वर. अड्यारच्या पुलापाशी तिचं एक टोक धरून एल. बी. रोडने चालत निघालात तर तिरुवान्मियूरच्या मरुंदीश्वराच्या देवळाच्या आसपास दुसरं टोक हाती येईल. तेवढ्या पट्टीवर दोन लाख सोळा हजार फोटो. एकही हलत नाही.

हे फोटो पडद्यावर टाकायचे तर पट्टी सरसर ओढून भागत नाही. सरकत्या पट्टीतून प्रकाश गेला तर पडद्यावर नुसता चिखल दिसेल. प्रत्येक फोटो दिव्यासमोर यायला हवा, पूर्ण थांबायला हवा, दिसायला हवा आणि मग झटक्यात निघून जायला हवा. सेकंदाला चोवीस वेळा थांबणं आणि चोवीस वेळा निघणं. मोटर मात्र एकसारखी फिरते, तिला थांबणं ठाऊक नाही. एकसारख्या फिरण्यातून थांबत थांबत चालणं काढायचं कसं? उत्तर स्विस घड्याळजींच्या जुन्या युक्तीत सापडलं, म्हणून तिचं नाव जिनिव्हा. क्रुसाच्या आकाराचं, चार खाचांचं एक छोटं चाक असतं. शेजारी सतत फिरणाऱ्या चकतीवर एक खुंटी असते. चकतीच्या प्रत्येक फेऱ्यात ही खुंटी एका खाचेत शिरते, क्रुसाला पाव फेरा देते आणि बाहेर पडते. खुंटी बाहेर असताना क्रूस कुलूप लावल्यासारखा गच्च उभा. त्याच दांड्यावर सोळा दात्यांची चरकी असते. पाव फेऱ्यात चार दाते पुढे जातात, पट्टीची चार भोकं पुढे सरकतात, म्हणजे बरोबर एक चौकट.

आता हिशोब बघा. प्रत्येक चौकटीच्या वाट्याला सेकंदाचा चोविसावा भाग येतो. त्याचे चार तुकडे करा. एका तुकड्यात पट्टी सरकते. तेव्हा दिव्यासमोर फिरत्या पंख्याचं एक पातं आडवं येतं आणि पडदा काळा होतो. उरलेल्या तीन तुकड्यांत चित्र स्थिर असतं, म्हणजे तिन्ही वेळ उजेड ठेवायला हरकत नव्हती. पण पंख्याला दुसरं पातंही असतं. ते स्थिर चित्राच्या मधोमध, वरवर पाहता काही कारण नसताना, पुन्हा अंधार करतं! कारण असं की सेकंदाला चोवीस वेळा होणारी उघडझाप डोळ्याला बोचते, अठ्ठेचाळीस वेळा होणारी बोचत नाही. लुकलुक घालवायची असेल तर ती दुप्पट करायची, हा उपाय ज्याला सुचला त्याला साष्टांग नमस्कार. म्हणून एक तुकडा सरकण्याचा अंधार, एक तुकडा मुद्दाम केलेला अंधार आणि दोन तुकडे उजेड. निम्मंनिम्म.

आणि हालचाल? ती पट्टीवर नव्हतीच. शाळेत आपल्याला सांगितलं होतं की डोळ्यावर प्रतिमा क्षणभर रेंगाळते म्हणून चित्र हलताना दिसतं. ते अर्धंमुर्धं खरं आहे. नुसतं रेंगाळण्याने चित्रं एकमेकांवर चढून गिचमिड झाली असती. १९१२ साली मॅक्स वर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की दोन स्थिर गोष्टी ठरावीक अंतराने एकामागून एक दिसल्या तर मधला प्रवास मेंदू स्वतः रचतो. तमिळ पडद्याचे नायक एम. जी. रामचंद्रन, म्हणजे एम.जी.आर., यांची तलवार फिरायची ती प्रेक्षकाच्या कवटीत.

जिनिव्हाचा झटका पट्टीला सोसत नाही, ती फाटते. म्हणून त्या चरकीच्या वर आणि खाली पट्टीचा थोडा ढिला वळसा सोडतात. झटका तो वळसा पचवतो, मोठ्या रिळापर्यंत तो पोहोचतच नाही. ऑपरेटरने रीळ चढवताना हा वळसा कमी सोडला किंवा चालता चालता तो निसटला की पडद्यावर चित्र थरथरायला लागतं, हिरोचं डोकं खाली आणि पाय वर दिसतात आणि स्टॉलमधून शिट्ट्या सुरू होतात. आवाजाची गंमत याच्या उलट. पट्टीच्या कडेला आवाजाची रेघ छापलेली असते आणि आवाजाला झटका चालत नाही, तो एकसारखाच वाहायला हवा. म्हणून आवाज वाचणारा दिवा चित्राच्या खिडकीपाशी ठेवताच येत नाही, तो पुढे असतो, जिथे पट्टी पुन्हा सरळ चालीने धावते. परिणामी शब्द आणि ओठ पट्टीवर शेजारी नसतात, त्यांच्यात वीसेक चौकटींचं अंतर असतं. पडद्यावर ते एकत्र येतात. पडदाही साधा नव्हे. त्याला हजारो बारीक भोकं असतात, कारण स्पीकर पडद्याच्या मागे उभे असतात. जवळ जाऊन पाहिल्याशिवाय हे कुणालाही खरं वाटत नाही.

सिनेमाच्या सुरुवातीच्या पन्नासेक वर्षांतली पट्टी नायट्रेटची होती आणि नायट्रेट म्हणजे बंदुकीच्या दारूत जाणाऱ्या गनकॉटनची सख्खी बहीण. ती जळताना स्वतःचा प्राणवायू स्वतःच तयार करते. वाळू टाकून विझत नाही, पाण्यात बुडवली तरी जळत राहते. आणि अशी पट्टी न्यायची कुठून, तर कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये पेटलेल्या ठिणगीसमोरून, जिचं तापमान साडेतीन हजार अंशांच्याही वर! ऑपरेटर काळ्या काचेतून त्या कांड्यांकडे बघत बसे. त्या जळून आखूड होत, मधलं अंतर वाढे, प्रकाश पिवळा पडे, मग तो हाताने त्या पुढे सरकवी. दिव्यासमोर पट्टी काही क्षण अडकली तरी चौकट वितळू लागे.

४ मे १८९७ रोजी पॅरिसमध्ये एका धर्मादाय बाजारात सिनेमा दाखवताना प्रोजेक्टरच्या ईथरच्या दिव्याने आग लागली आणि सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. अशा आगींच्या धाकातून इंग्लंडमध्ये १९०९चा कायदा झाला आणि त्याच वाटेने आपल्याकडे १९१८चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला. प्रोजेक्टर वेगळ्या, न जळणाऱ्या खोलीत हवा. त्या खोलीची प्रेक्षकांकडची भोकं लहान हवीत आणि आग लागली तर त्यांवर झडप पडायला हवी. दरवाजे बाहेर उघडायला हवेत. मागच्या भिंतीतल्या त्या चिमुकल्या खिडक्या अशा आल्या. आणि खरी गंमत पुढे आहे. याच कायद्यात, परवान्याच्या शेजारीच, सरकारने पिक्चर तपासण्याचा अधिकारही घेऊन टाकला. १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून इथे सेन्सॉर बोर्डं बसली. आगीसाठी दार उघडलं आणि त्यातून सेन्सॉर आत आलं, असं मी म्हणेन. १९५२च्या कायद्यानंतर पिक्चर पास करणं केंद्राकडे आणि थिएटर पास करणं राज्याकडे अशी वाटणी पक्की झाली. आपल्याकडे १९५३चा मुंबईचा कायदा, तिकडे १९५५चा मद्रासचा.

मद्रास शहरात कायमचं थिएटर या सगळ्या कायद्यांच्या आधीच आलं होतं. वॉरविक मेजर नावाच्या इंग्रजाने १९१३ साली माउंट रोडवर इलेक्ट्रिक थिएटर काढलं. नावातच जाहिरात होती, कारण वीज हेच तेव्हा नवल होतं. पुढच्याच वर्षी रघुपती वेंकय्या यांनी गेइटी उभारलं, ते मद्रासचं पहिलं भारतीय मालकीचं थिएटर. मात्र माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा खरा नायक त्रिचनापल्लीच्या रेल्वे कचेरीतला नोकरदार सामिकण्णू व्हिन्सेंट. १९०५ साली द्युपाँ नावाचा एक फ्रेंच खेळवाला आजारी पडून मायदेशी निघाला होता. व्हिन्सेंटने कर्जाऊ पैसे उभे करून त्याचं यंत्र आणि येशूच्या चरित्राची रिळं विकत घेतली, नोकरी सोडली आणि तंबू घेऊन गावोगाव फिरायला लागला. १९१४ साली कोईमतूरला त्याने व्हरायटी हॉल बांधला. फिरत्या तंबूचं पक्कं थिएटर होणं, हा दक्षिणेतल्या कितीतरी गावांतल्या थिएटरांचा प्रवास त्याने आधीच करून दाखवला.

तमिळ मुलखात तंबूने कायद्यातही आपली जागा मिळवली. पक्की, निमपक्की आणि फिरती, असे परवान्याचे वर्ग झाले. फिरत्या टॉकीजचा परवाना मुदतीचा असे. जमीन म्हणजे वाळू, सगळ्यात स्वस्त तिकीट त्या वाळूवर बसण्याचं. पुढे उंच माणूस आला तर पोरं वाळूचा ढीग रचून त्यावर बसत, मग मागचा आणखी मोठा ढीग रची. एकच प्रोजेक्टर असल्याने रीळ संपलं की दिवे लागत, मध्यंतराचं मूळ थोडंफार याच थांब्यात. आपल्याकडच्या जत्रांतल्या तंबूत हे अनुभवलेले वाचक असतील. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी काढलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली थेट कान महोत्सवापर्यंत गेला. पक्क्या थिएटरात दोन प्रोजेक्टर असत. दोन हजार फुटांचं रीळ बावीसेक मिनिटं चाले. संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमके, ऑपरेटर दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करी. काही सेकंदांनी दुसरा ठिपका, आणि एका यंत्राचा प्रकाश बंद, दुसऱ्याचा चालू. हा ठिपका एकदा कुणी दाखवून दिला की पुढे आयुष्यभर दिसत राहतो, म्हणून तो ठाऊक नसणारे सुखी.

अड्यारला या गोष्टीचं दुसरं टोकही आहे, पिक्चर बनवण्याचं. आधी ते टोक मराठी मुलखात होतं. पहिला तमिळ बोलपट 'कालिदास', १९३१चा, मुंबईत इम्पीरियलच्या स्टुडिओत तयार झाला. नायिका तमिळ बोलते, नायक तेलुगू, आणि प्रेम तरीही जुळतं! १९३४ साली आपल्या प्रभातने 'सीता कल्याणम्' हा तमिळ बोलपट काढला. दिग्दर्शक बाबुराव पेंढारकर. राम झाले एस. राजम आणि सीता झाली त्यांची सख्खी बहीण, यावर तेव्हा बरीच कुजबुज झाली म्हणतात. तेच राजम पुढे चित्रकार आणि गायक म्हणून मैलापूरमध्ये नावाजले, म्हणजे अड्यारच्या नदीपलीकडेच. मग मद्रासमध्ये स्टुडिओ उभे राहिले आणि पुण्या-मुंबईच्या या फेऱ्या संपल्या. अड्यार नदीच्या उत्तर काठाला नेपच्यून स्टुडिओ होता. तो पुढे एम.जी.आर. यांचा सत्या स्टुडिओ झाला, त्यांच्या आईच्या, सत्यभामा यांच्या, नावाचा. त्याचा पत्ता दुर्गाबाई देशमुख रस्ता. आपल्या चिंतामणराव देशमुखांशी ज्यांचा विवाह झाला त्याच या दुर्गाबाई, आंध्र महिला सभेच्या संस्थापक. सत्या स्टुडिओच्या जागी आता मुलींचं महाविद्यालय आहे. पुण्यात प्रभातच्या आवारात सिनेमा शिकवणारी संस्था आली, इथे स्टुडिओत बी.ए.-बी.कॉम. आलं. सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था अड्यारलाही आहेच, दक्षिणेला तरमणीत, आणि तिला नाव पुन्हा एम.जी.आर. यांचंच.

तमिळनाडूत सरकार आणि थिएटर यांची सोयरीक एवढी जवळची की तिकिटाची कमाल किंमतही सरकार ठरवतं. कित्येक वर्षं मल्टिप्लेक्सलाही एकशे वीस रुपयांची मर्यादा होती आणि काही जागा दहा रुपयांना ठेवणं भाग होतं. २००६ साली पिक्चरचं नाव तमिळ असेल तर करमणूक कर माफ, असं ठरलं. मग इंग्रजी नावं ठेवणारे निर्माते एका रात्रीत भाषाप्रेमी झाले. मोठ्या नटाच्या पिक्चरची पेटी थिएटरात येताना हार घालून, वाजतगाजत यायची. आत रिळांचे पत्र्याचे डबे, सगळे मिळून मणभर वजनाचे. दोन थिएटरांत एकच प्रत चालवायची असेल तर एक माणूस सायकलवरून रिळं पोहोचवी आणि तो वाटेत अडकला की मध्यंतर लांबे.

पट्टी गेली ती याच शहरातून फार वेगाने गेली. क्यूब ही डिजिटल प्रोजेक्शनची यंत्रणा चेन्नईच्याच रिअल इमेज कंपनीने २००५च्या सुमारास थिएटरांत आणली आणि पुढच्या दहा वर्षांत देशभरातली रिळं भंगारात निघाली. आता पेटीऐवजी हार्ड डिस्क येते किंवा उपग्रहावरून पिक्चर उतरतो, तो कुलूपबंद असतो आणि किल्ली म्हणून एक फाइल येते. ती फाइल ठरलेल्या थिएटरात, ठरलेल्या यंत्रावर, ठरलेल्या दिवसांपुरतीच चालते. फिरत्या टॉकीजला परवाना मुदतीचा असे, आता पिक्चरलाच मुदत. यंत्रात दिव्यासमोर नखाएवढ्या चिप असतात, प्रत्येकीवर बावीस लाख आरसे. प्रत्येक आरसा पडद्यावरच्या एका ठिपक्याचा मालक आणि तो सेकंदाला हजारो वेळा इकडेतिकडे कलतो. जिनिव्हा नाही, वळसा नाही, पातं नाही. तो सव्वा तासाचा अंधारही नाही. हे नवल पहिल्या नवलापेक्षा कमी नाही, फक्त ते उघडून दाखवता येत नाही.

एल. बी. रोडवरच्या थिएटरांचं काय झालं? इरॉस गेलं. जयंती बंद पडलं, तिरुवान्मियूरच्या चौकाला मात्र लोक अजून जयंती सिग्नल म्हणतात. गणपतीरामने नवं प्रोजेक्शन आणि नवा आवाज घेऊन तग धरला. त्यागराज कायापालट होऊन एस टू त्यागराज झालं आणि २०१८ साली ते चालवणारी एसपीआय कंपनी पीव्हीआरने घेतल्यावर त्या साखळीत गेलं. माउंट रोडवरच्या १९१३च्या इलेक्ट्रिक थिएटरची इमारत मात्र शाबूत आहे. थिएटर दोनेक वर्षांतच बंद पडलं आणि पोस्टाने जागा घेतली. आज तिथे तिकिटंच मिळतात, पण टपालाची. चेन्नईला गेलात तर अण्णा रोडच्या, म्हणजे जुन्या माउंट रोडच्या, मोठ्या पोस्टाच्या आवारात ही बसकी इमारत जरूर बघा.

आणि त्याआधी एक करा. तुमच्या गावात जे कोणतं जुनं थिएटर असेल, मिरजेचं, बार्शीचं, परभणीचं, सावंतवाडीचं, तिथल्या ऑपरेटरला शोधा. कार्बनच्या कांड्या सरकवलेली, वळसा बोटाने जोखून सोडलेली ही पिढी आता सत्तरीपुढे आहे. त्यांच्या हातांना जे ठाऊक आहे ते कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. फोनवर तासभर त्यांचं बोलणं नोंदवून घ्या. मालक भेटले तर परवान्याचे जुने कागद आणि इमारतीचा नकाशा रद्दीत घालू नका, एवढं त्यांना सांगा.